शिशाचं अक्षर

दुर्गाताई परबांनी एका माणसावर सोळा वर्षं डूख धरला होता आणि तो कसा निघाला हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. क्षमा केली की मन हलकं होतं असं मानणाऱ्यांनी इथेच थांबावं. माझं मन हलकं झालं ते त्या माणसाचा हात थरथरताना पाहून, आणि मला त्याची जराही लाज वाटत नाही.

मी अक्षदा. परळला, इस्पितळांच्या मागच्या रस्त्यावर आमचं तपासणी केंद्र आहे. तिथे डॉक्टर बोलतात ते रिपोर्ट मी टाइप करते. दुर्गाताई आमच्या सगळ्यात जुन्या टेक्निशियन. वय त्रेपन्न, घट्ट अंबाडा, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. राहायला लालबागला, जन्मापासून. पेशंट आत आला की त्याला काय होणार आहे हे त्या आधी समजावून सांगतात. आमचे मालक म्हणतात वेळ जातो. दुर्गाताई म्हणतात, जाऊ दे, घाबरलेला माणूस हलतो आणि हलला की चित्र बिघडतं.

"ही किरणं अंगातनं आरपार जातात," एक्स-रेच्या खोलीत त्या सांगतात. "हाड त्यांना अडवतं, म्हणून हाड पांढरं दिसतं. फुप्फुसात हवा, ती कुणाला अडवणार? म्हणून ते काळं. हृदय अधलंमधलं, करडं. आता श्वास घ्या, धरून ठेवा." सीटी स्कॅनवाल्याला सांगतात की किरणं तीच, फक्त इथे नळी तुमच्याभोवती गोल फिरते, आणि कॉम्प्युटर पावाच्या लादीसारखे तुमचे काप करून दाखवतो. सोनोग्राफी डॉक्टरच करतात, पण बाहेर बाकावर बसलेल्या गरोदर पोरींना दुर्गाताईच धीर देतात. यात किरणं नाहीत गो, नुसता आवाज. आपल्याला ऐकू न येणारा. विहिरीत हाक मारली की परत येते ना, तसा आतून परततो, त्याचं चित्र होतं. मध्ये हवा राहिली तर आवाज आत पोचत नाही, म्हणून तो थंडगार चिकट जेल. आणि एमआरआयला नेताना मंगळसूत्र, पिना, बेल्ट सगळं काढून घेतात. ते यंत्र म्हणजे मोठं लोहचुंबक. अंगात पाणी भरपूर, त्या पाण्यातले कण चुंबकाच्या ओढीने एका दिशेला वळतात. यंत्र त्यांना हलकासा धक्का देतं, आणि ते जागेवर परतताना जी खूण देतात तिच्यावरून चित्र बनतं. "आवाज लई येईल," त्या म्हणतात, "पण गणपतीतले ढोल सहन करता ना? मग झालं."

सगळं सांगून झालं की शिकाऊ पोरींना एक वाक्य ठरलेलं. यंत्र कितीही महागाचं असो, त्याला डावं-उजवं कळत नाही. ते माणसाने सांगावं लागतं. सीटीत पेशंटचं डोकं आधी आत जाणार की पाय, हे चुकीचं भरलं तर आजाराची बाजू बदलते. एक्स-रेच्या चित्रात कॉम्प्युटरवर एक बटण दाबलं की डावा माणूस उजवा होतो. म्हणून दुर्गाताई आजही, सगळं डिजिटल झालेलं असताना, पेशंटच्या डाव्या अंगाला शिशाचं छोटं 'एल' अक्षर चिकटवतात. शिसं किरणांना अडवतं, त्यामुळे ते अक्षर चित्रातच पांढरं उमटतं. पुसता येत नाही, खोडता येत नाही. एलच्या शेजारी एक बारीक 'डी' असतो, म्हणजे हे काम दुर्गाचं. जुन्या टेक्निशियनची ही रीत होती, ज्याचं त्याचं स्वतःचं अक्षर. दुर्गाताईंनी आपलं प्रिन्सेस स्ट्रीटच्या सर्जिकल दुकानातून पहिल्याच वर्षी घेतलं.

आणि त्याच दुर्गाताईंना मुंबईतले निम्मे टेक्निशियन 'उलटी दुर्गा' म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण पाठीमागचं बोलणं आधी कानावर येतं.

हे नाव पडलं २००८ साली. तेव्हा त्या गिरगावातल्या एका ट्रस्टच्या इस्पितळात होत्या, कायम झालेल्या नव्हत्या, अडीच वर्षं झाली होती. तिथले मुख्य टेक्निशियन मनमोहन तळपदे. जुनं मुंबईकर घराणं, इस्त्रीचा पांढरा कोट, आणि अक्षर असं की ट्रस्टी लग्नाच्या पत्रिकांवर नावं घालायला त्यांना बोलवत. फिल्मवर कुठे काही लिहायचं असलं तर ते तळपदे सरच लिहायचे. त्यांच्या एलच्या शेंड्याला एक गाठ आणि पायाला लांब शेपटी असायची.

एका शनिवारी दुपारी ठाकूरद्वारच्या विहंग राऊत नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला आणलं. ताप, आणि पोटात डावीकडे दुखतंय. दुर्गाताईंनी छातीचा एक्स-रे काढला, फिल्म डार्करूममध्ये धुतली, वाळवली, दिव्याच्या पेटीवर लावली आणि बघतच राहिल्या. शिशाचं अक्षर एका बाजूला, हृदय दुसऱ्या बाजूला. मुलाचं हृदय उजवीकडे होतं.

तळपदे सरांना बोलावलं. ते हसले. या धंद्यात शिकलेल्यांनीच करावी अशी एक चूक आहे, ती त्यांनी केली. हृदय उजवीकडे दिसलं की टेक्निशियनला वाटतं, अक्षरच चुकीच्या बाजूला लागलं. हजारो छात्या पाहिलेला माणूस डोळ्यांवर नाही, सवयीवर विश्वास ठेवतो. फिल्म पारदर्शक, दोन्ही बाजूंनी बघता येते. त्यांनी ती पलटली. हृदय डावीकडे आलं, पण आता शिशाचं अक्षर आरशातल्यासारखं उलटं दिसायला लागलं. मग त्यावर इस्पितळातली पांढरी चिकटपट्टी लावली, दुसऱ्या बाजूला आणखी एक पट्टी लावून पेनाने सुंदर एल काढला, आणि म्हणाले, "परब, लग्नाआधी डावा-उजवा हात तरी शिकून घ्या."

दुर्गाताईंनी पुन्हा एक्स-रे काढू का म्हणून विचारलं. लहान पोराला दोनदा किरणं द्यायची नाहीत, म्हणून गप्प बसवलं. सर्जननी नॉर्मल फिल्म पाहिली. अपेंडिक्स दुखतं उजवीकडे, मुलाचं दुखत होतं डावीकडे, तेव्हा ती शंका त्यांना आलीच नाही. सोनोग्राफीचे डॉक्टर सोमवारी यायचे. सोमवारी त्यांनी पोटावर यंत्र ठेवलं आणि यकृत डावीकडे सापडलं. त्या मुलाचं आतलं सगळंच बाजू बदलून होतं, अपेंडिक्ससुद्धा, आणि ते तोवर फुटलं होतं. पोरगं महिनाभर मरणाच्या दारात होतं, पण वाचलं.

चौकशी बसली. तळपदे सरांनी सांगितलं, मला कुणी फिल्म दाखवलीच नाही, बाई घाबरली असेल, तिनेच पट्ट्या लावल्या. दुर्गाताई म्हणाल्या, पट्टीवरचं अक्षर बघा. फिल्म होती कुठे? आपल्याकडे फिल्म पेशंटबरोबर घरी जाते. मुलाची आई सगळे कागद घेऊन अलिबागला माहेरी निघून गेली होती, आणि तिच्याकडे फिल्म मागायची म्हणजे केस करायची आठवण करून द्यायची, म्हणून ट्रस्टींनी विषय मिटवला. चोर सोडून संन्याशाला फाशी. दुर्गाताईंना काढलं आणि कारण लिहून दिलं, "बाजूची खूण लावण्यात बेपर्वाई." आमच्या धंद्यात ज्याच्या कागदावर हे लिहिलं तो माणूस म्हणजे डोळ्याने अधू ड्रायव्हर.

चार वर्षं कुणी कामाला घेतलं नाही. लालबागच्या मसाला गल्लीत मिरच्यांची देठं खुडली त्यांनी. ठरलेलं लग्न मोडलं. तिकडच्यांनी कारण सांगितलं नाही, पण नवऱ्यामुलाचा मावसभाऊ त्याच इस्पितळात होता. आणि या सोळा वर्षांत तळपदे सर मात्र सन्मानाने रिटायर झाले, भाषणं देत फिरले. एकदा तर 'बाजूची खूण कशी लावावी' या विषयावर. ते ऐकून मी पोळीचा डबा आपटला होता. दुर्गाताईंनी भाजी पुसून घेतली फक्त.

त्यांचा राग बोलका नव्हता. लालबागच्या रद्दीवाल्याकडे जुन्या फिल्म येतात, चांदी काढायला. दर रविवारी त्या तिथे जाऊन एकेक फिल्म उजेडात धरून बघायच्या. विहंग राहायचा ती ठाकूरद्वारची वाडी पाडून टॉवर झाला, तिथेही चारदा जाऊन आल्या. मी एकदा म्हटलं, ताई, सोडून द्या आता. त्या म्हणाल्या, "सोडेन. फिल्म हातात आल्यावर."

मागच्या ऑगस्टमध्ये एक पंचवीस वर्षांचा पोरगा नोकरीच्या मेडिकलसाठी आला. शर्ट काढता काढता म्हणाला, "मॅडम, आधीच सांगून ठेवतो, माझं हार्ट राईटला आहे. मागच्या सेंटरवाल्याने तीनदा एक्स-रे काढला आणि शेवटी उलटा करूनच दिला."

मी कागद द्यायला आत गेले होते, म्हणून पाहिलं. दुर्गाताईंच्या हातातलं अक्षर खाली पडलं. पोराच्या पोटावर डावीकडे मोठा व्रण होता.

"अपेंडिक्स फुटलं होतं?" त्यांनी विचारलं. "गिरगावात? नऊ वर्षांचा होतास?"

"हो. तुम्हाला कसं माहीत?"

"आईने जुन्या फिल्म ठेवल्यात का रे?"

"आई काहीच टाकत नाही," विहंग म्हणाला.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघी शीवला त्यांच्या घरी गेलो. दार इरावतीबाईंनी उघडलं, विहंगच्या आईने. दुर्गाताईंनी नाव सांगितलं मात्र, बाईंचा चेहरा बदलला. इस्पितळात त्यांना हेच नाव सांगितलं होतं. परब नावाच्या मुलीमुळे तुमचा मुलगा मरता मरता वाचला, असं खुद्द तळपदे सरांनी, हात जोडून.

"तूच का ती?" त्या म्हणाल्या. "सोळा वर्षं झाली, देवाला दिवा लावताना तुला शाप देतेय मी. ती फिल्म जपलीय ती तुझ्यासाठीच. कधी भेटलीस तर तुझ्या तोंडावर मारायला."

"मारा," दुर्गाताई म्हणाल्या. "शिव्या पण द्या. पण आधी एकदा दाखवा."

बाईंनी कपाटावरून पाकीट काढलं आणि खरोखरच फेकलं. दुर्गाताईंनी ते जमिनीवरून उचललं, फिल्म खिडकीशी धरली. दोन्ही पट्ट्या जागच्या जागी होत्या, पिवळ्या पडलेल्या. मग पर्समधून त्याच इस्पितळातल्या प्रशिक्षणाचं आपलं सर्टिफिकेट काढलं, तळपदे सरांनी आपल्या हाताने भरलेलं. पत्त्यात लालबाग इंग्रजीत लिहिलेलं. गाठीचा, शेपटीचा तोच एल. इरावतीबाईंनी दोन्ही अक्षरं शेजारी धरली, बराच वेळ पाहिली, आणि खाली बसल्या. उठल्या त्या चहा टाकायला. चहा ठेवताना एवढंच म्हणाल्या, "मग शाप फुकट गेले माझे. आता पत्ता बदलून देते."

पट्टी तिथेच सोलून बघता आली असती. दुर्गाताईंनी बोटसुद्धा लावलं नाही. आठ नोव्हेंबरला, एक्स-रेचा शोध लागला त्या दिवशी, टेक्निशियनांच्या संघटनेचा मेळावा होता, दादरला एका शाळेच्या हॉलमध्ये. तळपदे सरांना जीवनगौरव. निमंत्रणावर छापलं होतं, तीस वर्षांची निष्कलंक सेवा. तो शब्द वाचून दुर्गाताई मला म्हणाल्या, "आपण पुढच्या रांगेत बसू."

इरावतीबाई फिल्म घेऊन, विहंगसह आमच्याशेजारी बसल्या. मेळाव्यात एक जुना खेळ असतो. कुणीतरी चमत्कारिक फिल्म आणून दिव्याच्या पेटीवर लावायची, आणि पाहुण्याने ती सगळ्यांसमोर ओळखायची. शाल-श्रीफळ झालं, दोन फिल्म झाल्या, मग दुर्गाताई उठल्या. मागून कुणीतरी खुसफुसलं, उलटी आली. संघटनेचा सेक्रेटरी राजेश, त्याने हसू लपवायला तोंडावर हात धरला.

"अगं, परब ना तू?" तळपदे सर म्हणाले. त्यांच्या कॉलरला माइक लावलेला होता. "कुठे असतेस हल्ली? छान, छान."

लांबची भाची लग्नात भेटावी तसे बोलले. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुर्गाताईंनी फिल्म लावली.

सरांनी चष्मा वर केला. "लहान मूल. आठ-दहा वर्षांचं. हृदय डावीकडे, जिथे हवं तिथे. फुप्फुसं स्वच्छ. जठरातली हवाही डावीकडेच. ही नॉर्मल आहे गं, यात ओळखायचं काय?"

"बाजू बरोबर लावलीय ना, सर?"

"अगदी बरोबर. आणि अक्षर बघा काय वळणदार आहे. हा कुणा जुन्या माणसाचा हात. हल्ली असं कोण लिहितं?"

हॉल हसला. तेही हसले, आणि पुन्हा एकदा त्या अक्षराकडे पाहिलं. या वेळी जास्त वेळ. हसू ओठांवर तसंच राहिलं, डोळ्यांतून गेलं.

दुर्गाताईंनी नखाने दुसऱ्या बाजूची कोरी पट्टी सोलली. खालून पांढरी अक्षरं निघाली, आरशातल्यासारखी. त्यांनी फिल्म पलटून लावली, आणि एल आणि डी सरळ वाचता आले. हृदय पलीकडे गेलं. मग त्यांनी सर्टिफिकेट राजेशच्या हातात दिलं आणि त्यालाच दोन्ही एल बघायला लावले. राजेशने बघितले, आणि तोंडावरचा हात खाली आला.

"विहंग, वर ये," त्या म्हणाल्या. "सर, हे पोर या फिल्ममधलं. हात ठेवून बघा त्याच्या छातीवर."

सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? त्यांनी हात पुढे केला आणि तो आपोआप डावीकडे गेला. तिथे काहीच लागेना. दुर्गाताईंनी त्यांचं मनगट धरलं आणि उजवीकडे नेऊन दाबून ठेवलं.

"लागतंय?"

"हो," ते म्हणाले. हात थरथरायला लागला होता.

"चूक कुणाचीही होते, सर. त्याचं मला काही नाही. कळलं कधी तुम्हाला, ते सांगा."

मनगट ताईंनी सोडलं नव्हतं. सर इकडेतिकडे पाहत राहिले. इरावतीबाई पहिल्या रांगेतून उठून स्टेजच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"सोमवारी," ते शेवटी म्हणाले. माइक चालू होता. "सोनोग्राफी झाली तेव्हाच."

"चौकशी त्यानंतर दीड महिन्याने झाली."

"माझं नाव होतं, दुर्गा. पंचवीस वर्षांचं नाव."

"माझंही होतं. अडीच वर्षांचं."

मग पट्ट्या कुणी लावल्या, खोटं कुणी सांगितलं, सगळं दुर्गाताईंनी सरांकडून माइकवर म्हणवून घेतलं. पूर्ण नावानिशी. दुर्गा आत्माराम परब. पहिल्यांदा ते पुटपुटले, तर दुर्गाताई म्हणाल्या, "मागच्यांना ऐकू आलं नाही." दुसऱ्यांदा नीट म्हणाले. रडत होते. मला दया आली का? नाही आली. मला मिरच्यांची देठं खुडून लाल झालेली बोटं डोळ्यांसमोर येत होती.

टाळ्या वाजवायच्या की नाही हे कुणाला कळेना. राजेश माफी मागायला खाली आला, तर ताईंनी त्याला वाटेतून बाजूला केलं. फिल्म इरावतीबाईंना परत दिली. आम्ही बाहेर पडलो, फुलवाल्यांच्या गर्दीतून चालत राहिलो. बऱ्याच वेळाने मी विचारलं, "ताई, आता बरं वाटतंय?"

"नाय गो," त्या म्हणाल्या. "गेलेली वर्सां कोण परत देतलो?" मग चार पावलं गेल्यावर म्हणाल्या, "पण आज त्येका झोप येवची नाय. उद्या पण नाय. सत्तर वर्सांचो आसा तो, माझी सोळा फेडूक त्येका आयुष्य पुरूक होया."

आणि मालवणीत देवाकडे त्यांनी त्या माणसासाठी दीर्घायुष्य मागितलं.